चौथीत आहे, पण वाचता येत नाही

एसटीवाले_काका | २० जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एसटीत कंडक्टर होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घर सोलापुरात, पूर्व भागात. दिवाळीनंतर गल्लीतल्याच प्राथमिक शाळेत आठवड्यातून चार दिवस जायला लागलो. मुख्याध्यापिका बाईंनी रीतसर परवानगी दिली आणि ज्यांना अजून वाचता येत नाही अशी तीन मुलं माझ्याकडे सोपवली. व्हरांड्यात सगळ्यांना दिसेल अशा जागी सतरंजी टाकतो आणि एकेकाला वीस मिनिटं घेऊन बसतो. मी शिक्षक नाही, डी.एड. केलेलं नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारायला आलो आहे.

पहिला मुलगा चौथीतला. वडील यंत्रमागावर, बहुतेक रात्रपाळी. बाराखडी गाण्यासारखी घडाघडा म्हणतो. पण मधलंच 'कु' दाखवलं की क, का, कि, की असं सुरुवातीपासून म्हणत येतो आणि मग 'कु' सांगतो. माळ पाठ आहे, मणी ओळखू येत नाही.

दुसरी मुलगी तिसरीतली. घरी तेलुगू. आई घरी विड्या वळते. हिला अक्षरं येतात, मात्रा-वेलांट्याही येतात. 'भिंतीवर पाल होती' हे वाक्य तिने न चुकता वाचलं. विचारलं, भिंतीवर काय होतं? म्हणाली, "दूध." मला वाटलं थट्टा करते आहे. संध्याकाळी घरी चहा घेताना डोक्यात आलं की तेलुगूत दुधाला पालु म्हणतात. मी जन्म या भागात काढला, तेलुगू मला कळतं, तरी तिथे बसून लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटलं. ती बिचारी आपल्या परीने अर्थ लावूनच वाचत होती.

तिसरा तिसरीतलाच, पण तो बोलतच नाही. पुस्तक उघडलं की मान खाली. आधी एका शिकवणीला जायचा, तिथे त्याला सगळ्यांसमोर 'ढ' म्हणायचे असं त्याची आई सांगत होती.

मला जे सुचलं ते मी करतो आहे. माझं सगळं आयुष्य गाडीच्या पाट्यांसोबत गेलं. म्हणून पुठ्ठ्यावर एसटीच्या पाटीसारखी अक्षरं काढून आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या पाट्या केल्या. करताना ध्यानात आलं की अकरा तालुक्यांत वाचनाच्या सगळ्या पायऱ्या आहेत. 'माढा' दोन अक्षरांचं, नुसता काना. मग 'करमाळा', मग 'मोहोळ'. अनुस्वारासाठी 'सांगोला' आणि 'मंगळवेढा'. ऱ्हस्व वेलांटीला 'माळशिरस'. रफाराला 'बार्शी'. जोडाक्षराला 'अक्कलकोट', आणि सर्वांत शेवटी 'उत्तर सोलापूर', 'दक्षिण सोलापूर'. मुलं गाडी-गाडी खेळतात. ज्याने पाटी वाचली त्याने घंटी मारायची, दोन टोले दिले की गाडी सुटली. न बोलणारा मुलगा घंटी मारायला मात्र पुढे येतो.

दुसरी गोष्ट. सध्या सिद्धेश्वराच्या यात्रेतला गड्डा, म्हणजे जत्रा, भरलेला आहे. परवा चौथीतल्याला म्हटलं, तू बोल, मी लिहितो. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं वहीत लिहिलं : "मी पप्पासंगट गड्ड्यावर गेलो. पाळण्यात बसलो. भ्यालो नाही." आणि त्याने ते वाचलं! ज्याला 'कु' ओळखता येत नाही त्याने 'गड्ड्यावर' वाचलं. हे खरं वाचन म्हणायचं की नाही?

तर अनुभवी लोकांनी सांगावं. बाराखडीची माळ तोडायची कशी? तेलुगू घरातल्या मुलीला अर्थ कसा पोचवायचा? आणि मान खाली घालून बसणाऱ्याचं काय करायचं? मी रोज येईन, धीरही आहे. चुकीचं काही करून मुलांचं नुकसान व्हायला नको, एवढीच काळजी आहे.

---

वस्तीशाळा_गुरुजी | २० जानेवारी, रात्री १०.५५

काका, आधी मनापासून नमस्कार. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे, माझ्याकडे दोन वर्ग असतात. वीस मिनिटं एकाच मुलाच्या शेजारी बसणं मला महिन्यातून एकदाही जमत नाही. तुम्ही देताय ती वस्तू शाळेत सर्वांत दुर्मीळ आहे.

पाट्यांची कल्पना मी उद्याच उचलणार. त्यात एक भर घाला. दिसायला सारखी अक्षरं एकाच दिवशी आणू नका. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष. एक पक्कं झालं की आठ-दहा दिवसांनी दुसरं. आपण क-ख-ग-घ च्या क्रमाने जातो, पण तो क्रम व्याकरणाचा आहे, शिकणाऱ्याच्या सोयीचा नाही. सगळी मूलाक्षरं संपेपर्यंत काना-मात्रा अडवून धरायचीही गरज नाही. चार अक्षरं आणि एक काना एवढ्यावर मुलाला शब्द वाचता येतात. म, क, ल, र आणि काना घ्या : काम, माल, कमाल, काका, मामा, लाकाम. शेवटचा शब्द मुद्दाम खोटा दिला आहे. खोटा शब्द वाचता आला तर मूल पाठांतरावर नाही, अक्षरांवर चाललंय हे कळतं.

तुमच्या गड्ड्याचं उत्तरही त्यातच आहे. ते वाचन आहेच, कारण छापलेल्या खुणांतून आपलंच बोलणं परत ऐकू येतं हे त्याला पहिल्यांदा कळलं. पण अक्षरवाचन झालं का ते पाहायला 'अड्डा', 'गडी', 'वर' असे तुकडे दुसऱ्या कागदावर लिहून दाखवा. येतील तेवढे येतील.

इयत्ता बाजूला ठेवून पातळी बघा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल जिथे उभं आहे तिथून. प्रथम या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने हेच केलं. मुंबई आणि वडोदऱ्यात वस्तीतल्याच मुली 'बालसखी' म्हणून मागे पडलेल्या मुलांना वेगळं घेऊन बसायच्या. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तो उपक्रम अभ्यासला, पुढे २०१९ साली त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या बालसख्याही डी.एड. नव्हत्या, काका.

आपली मुलं एकटी नाहीत हेही ध्यानात ठेवा. मुलांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१ टक्के. वाढ झाली, तरी चारांतली जवळजवळ तीन अजून बाहेरच आहेत.

---

आकडेमोड | २० जानेवारी, रात्री ११.२०

गुरुजींच्या आकड्यांना एक पुरवणी. असरची ही घरोघरची पाहणी ग्रामीण भागाची असते. सोलापूर शहराला तो आकडा थेट लावू नये. बाकी सहमत.

---

अक्षरवेध | २१ जानेवारी, सकाळी ७.१५

काका, तुमच्या पाट्यांवरूनच एक गोष्ट सांगतो. शाळेत याकडे फार कमी लक्ष जातं.

आपण मुलाला शिकवतो, क म्हणजे 'क', र म्हणजे 'र', प्रत्येकात 'अ' मिसळलेला. मग 'करमाळा' दाखवतो. मूल इमानदारीत वाचतं : क, र, मा, ळा. चार वेगळे ठोके. पण गाडीत कंडक्टर ओरडतो ते 'कर्माळा', र मधला 'अ' गेलेला. 'माळशिरस' म्हणताना ळ आणि स दोन्ही अर्धवट होतात. 'मंगळवेढा'त ग नंतरचा ळ तसाच. लिहिलेलं एक, बोललेलं जरा वेगळं, आणि हा फरक मुलाला कोणी सांगितलेलाच नसतो. मग ते सुटी अक्षरं बरोबर वाचूनही शब्दापर्यंत पोचत नाही आणि आपण म्हणतो, "आत्ता तर वाचलंस, मग शब्द काय झाला?"

उपाय असा. सुटं वाचून झालं की तेच वेगाने, एका दमात म्हणायला लावायचं. हळू, मग जरा जोरात, मग गाडी सुटल्यासारखं. तीन वेळा. तिसऱ्या वेळेला त्याच्याच कानावर ओळखीचा शब्द पडतो आणि चेहरा बदलतो. तो क्षण बघण्यासारखा असतो.

ऱ्हस्व वेलांटीचं दुखणं निराळं. ती लिहिताना आधी, उच्चारताना नंतर. डावीकडून उजवीकडे जाणारं मूल 'माळशिरस'चं 'माळिशरस' करतं. ते मूल नियमाने वागतंय, आपल्या लिपीची रीत तिथे वेगळी आहे. वेलांटीच्या छत्रीखाली कोण उभं आहे ते आधी बोटाने दाखवायचं. छत्रीतल्या अक्षराला रंग द्या. अनुस्वाराचंही तेच : टिंब एकच, पण 'सांगोला'त आवाज एक आणि 'पंढरपूर'मध्ये दुसरा. नियम सांगू नका, ओळखीचे शब्द भरपूर द्या, कान आपोआप शिकतो.

माळ तोडायची तर शब्दांच्या भेंड्या खेळा. शेवटच्या अक्षरावरून शब्द. पुस्तक लागत नाही, पाटी लागत नाही. मुलं आपसात च-ची भाषा बोलतात ना, सागरचं 'चागरस'? ज्याला ते जमतं त्याला शब्द फोडता येतो. त्याला वाचन शिकवणं सोपं जातं.

---

पूर्वभागची_लेक | २१ जानेवारी, दुपारी १.३०

काका, तुमची ती 'दूध' म्हणणारी मुलगी म्हणजे मीच. आता पुण्यात नोकरी करते. आमच्या घरी आई, आजी, काकू सगळ्या विड्या वळायच्या. मांडीवर सूप, शेजारी पानं आणि तंबाखू. दिवसाची हजार विडी व्हायलाच पाहिजे, म्हणून सहा-सात वर्षांच्या आम्ही मुलीही दोरा बांधायला बसायचो.

शाळेत मला 'कुत्र्याचं पिल्लू' हा शब्द आला तेव्हा हसू आवरेना. आमच्यात पिल्लि म्हणजे मांजर. कुत्र्याचं मांजर कसं असेल? बाईंना वाटलं मी वर्गात टवाळी करते, उभं केलं. मला मराठीत समजावून सांगता आलं नाही आणि घरी सांगितलं तर आईला मराठी पुस्तकातलं कळत नव्हतं. पुढे किती तरी दिवस मी मोठ्याने वाचायचंच बंद केलं.

म्हणून हात जोडून एक सांगते. तिने चुकीचा अर्थ सांगितला की आधी विचारा, "तुमच्यात याला काय म्हणतात?" तिला तेलुगू शब्द सांगू द्या. तुम्हाला तेलुगू येतं हे तर सोन्याहून पिवळं. गोष्ट आधी तेलुगूत सांगा, चित्रं बघा, हसा, मग तीच मराठीतून वाचा. काय घडणार आहे हे ठाऊक असलं की मराठी शब्द आपोआप जागेवर बसतात. ण-न, ळ-ल, ख-क यावर आत्ता तिला अडवू नका. आमच्या तोंडात ते उशिरा बसतं. अर्थ बदलत असेल तरच थांबवा.

आणि अजून एक. आमच्या आयांना शाळा बोलावते आणि सांगते, "घरी अभ्यास घ्या." आईला वाचता येत नाही, हात रिकामे नसतात, ती मान खाली घालून परत येते. तिला असं सांगा : विड्या वळता वळता पोरीचं नुसतं ऐक. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. चूक-बरोबर बघायचं नाही, वाचून झाल्यावर "मग पुढं काय झालं?" एवढंच विचारायचं, तेही तेलुगूत. माझ्या आजीने हे केलं, तिला माहीतही नव्हतं की ती मला शिकवते आहे.

---

अक्कलकोटकर | २१ जानेवारी, दुपारी ३.०५

आमच्याकडे कन्नड. घरात आम्ही घराला 'मनी' म्हणतो. पुस्तकात 'मनी दूध पिते' आलं की पोरं विचारतात, घर दूध कसं पिईल? वरच्या ताईंचं शंभर टक्के बरोबर. मुलाच्या चुकीत बहुतेक वेळा त्याची भाषा असते.

---

उर्दू_शाळेतली_बाजी | २१ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

उर्दू माध्यमात शिकवते. आमच्याकडे अक्षराचा आकार शब्दात शिरला की बदलतो आणि मोठ्या मजकुरात झेर-झबर, म्हणजे स्वरांच्या खुणाही लिहिलेल्या नसतात. तरी इलाज तोच : शेजारी बसणं, बोट ठेवून सोबत वाचणं. मी एक ओळ वाचते, तीच ओळ मूल वाचतं. एकच छोटा उतारा तीन दिवस. पहिल्या दिवशी रडत, तिसऱ्या दिवशी घोड्यासारखं. नवा उतारा रोज देण्याची घाई करू नका, काका. आपल्याला कंटाळा येतो, मुलाला नाही.

---

बालआरोग्य | २१ जानेवारी, रात्री ९.००

लहान मुलांची डॉक्टर आहे. बाकी सगळं करण्याआधी तिघांचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारं मूल 'फळा दिसत नाही' असं म्हणत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. पुस्तक नाकाजवळ धरणं, एक डोळा मिटणं, ओळ सुटणं, मागून हाक मारल्यावर न वळणं यावर लक्ष ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा या तिघांची नावं बाईंनी मुद्दाम पुढे करावीत. मधल्या काळात सरकारी दवाखान्यातही तपासणी होते.

न बोलणाऱ्या मुलाबद्दल : 'डिस्लेक्सिया' (वाचनातली अध्ययन अक्षमता) हा शब्द इतक्यात वापरू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता खरी असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे आणि निदान झालं तर मुलाला सवलती मिळतात. पण ज्याला नीट शिकवलेलंच नाही आणि जो भीतीने गप्प आहे त्याच्यावर शिक्का मारणं अन्यायाचं आहे. काही महिने रोज चांगली मदत मिळूनही हललं नाही, तर तज्ज्ञांकडे जरूर पाठवा.

---

रोखठोक_सोलापूर | २२ जानेवारी, सकाळी १०.३०

काकांच्या भावनेचा आदर ठेवून लिहितो. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक कायद्यात लिहिलेला आहे. वाचायला शिकवणं हे शाळेचं काम. निवृत्त माणसं फुकट येऊन ते करायला लागली की रिक्त जागा भरायची घाई कोणाला उरणार? आणि ज्या गल्लीत असे काका नाहीत तिथल्या मुलांनी काय करायचं?

---

वस्तीशाळा_गुरुजी | २२ जानेवारी, दुपारी २.१५

रोखठोक, तुमचा प्रश्न मला रोज छळतो. जागा भरा, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामं आमच्यावरून काढा, यासाठी भांडलंच पाहिजे आणि आम्ही भांडतो. पण आमच्या भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं काही महिने गायब होतात. परत आली की पुस्तक शेवटच्या पाठावर आणि मूल पहिल्याच अक्षरावर. त्या मुलाचं तिसरीचं वर्ष एकदाच येतं. भांडणाचा निकाल लागेपर्यंत त्याला थांबवून ठेवता येत नाही.

---

रोखठोक_सोलापूर | २२ जानेवारी, दुपारी २.४०

हे मान्य. पण दोन्ही व्हायला हवं. पालकसभेत जागांचा प्रश्न काकांनीही मांडावा, त्यांचं ऐकतील.

---

चिमण्यांची_आई | २२ जानेवारी, रात्री १०.१०

माझी मुलगी दुसरीत. शाळेत मिनिटाला किती शब्द वाचते ते मोजतात. घड्याळ दिसलं की तिची वाचाच बसते. हे मोजणं खरंच गरजेचं आहे का?

---

अक्षरवेध | २२ जानेवारी, रात्री १०.५०

ताई, केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, त्यातलं लक्ष्य आहे ते. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६०, तेही समजून. 'समजून' हा शब्द मोजताना गळून पडतो, तिथे घोळ होतो. वेगाला अर्थ आहे. फार हळू वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. पण तो आकडा शिक्षकासाठी आहे. घरी घड्याळ लपवा. काकांनीही अडखळणाऱ्या मुलासमोर ते काढू नये. उलट मूल अडलं की मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत आणि मगच शब्द सांगावा. त्या पाच आकड्यांत पुष्कळदा ते स्वतःच काढतं.

पुस्तकांसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' बघा. मराठी गोष्टी मोफत, पातळीनुसार लावलेल्या, छापूनही घेता येतात. आणि पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड वापरा. ती कल्पना आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींची. २०२० सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो त्यांना.

---

एसटीवाले_काका | २८ मार्च, रात्री ९.१५

मंडळी, दोन महिने लिहिलं नाही, पण तुमचं एकेक वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं.

डॉक्टर ताई, न बोलणाऱ्याला चष्मा लागला. दोन्ही डोळ्यांना. सिव्हिलमध्ये तपासलं. आई रडली, म्हणाली, मी त्याला आळशी म्हणून मारलं होतं. चष्मा आल्यावर लगेच वाचायला लागला असं मात्र झालं नाही. मान तशीच खाली. मग मुख्याध्यापिका बाईंनी सुचवलं ते केलं : त्याला पहिलीच्या वर्गात 'गोष्ट सांगणारा दादा' केलं. लहान मुलांना दाखवायचं म्हणून त्याने पहिलीचं चित्रांचं पुस्तक हातात घेतलं. तिसरीतला मुलगा ते पुस्तक स्वतःसाठी कधीच उघडणार नव्हता. आदल्या दिवशी माझ्याकडे तीन-तीनदा तयारी करायचा. आता दर शनिवारी आठ ओळी वाचतो. आवाज बारीक आहे, पण पहिलीची पोरं गप्प बसून ऐकतात.

चौथीतल्याची माळ तुटली. भेंड्यांनी तुटली. 'कु' आता सरळ ओळखतो. जोडाक्षराला अजून अडतो, 'अक्कलकोट' येतं पण 'चक्कर' येत नाही. गुरुजी, तुम्ही म्हणाला होतात तसा 'लाकाम' त्याने वाचला आणि मलाच विचारलं, "हे काय असतंय ओ?" जूनमध्ये तो पाचवीला दुसऱ्या शाळेत जाईल. तिथल्या सरांना भेटून त्याची वही देणार आहे, नाहीतर पुन्हा क-का-कि-की पासून सुरू होईल.

मुलीच्या घरी गेलो होतो. आईला ताईंचा निरोप तेलुगूत सांगितला, की हात चालू राहू दे, फक्त ऐक. त्या बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, शाळेतून आजवर कोणी मला जमेल असं काम सांगितलं नव्हतं. परवा मुलीने सांगितलं, आता शेजारच्या दोघी मावश्याही सूप घेऊन यांच्याच ओट्यावर बसतात. गोष्ट अर्धी राहिली तर दुसऱ्या दिवशी तिला हाक मारतात.

रोखठोक, पालकसभेत रिक्त जागेचा विषय मी मांडला. अर्जावर एकोणतीस सह्या झाल्या. उत्तर अजून आलेलं नाही.

आता अडचण वेगळी. बाईंकडे अशी अजून अकरा मुलं आहेत आणि मी एकटा. जूनपासून आठवड्यातून एक दिवस, एक तास देऊ शकेल असं कोणी सोलापुरात आहे का? तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर फारच उत्तम. नाही आलं तरी चालेल. पाट्या मी करून देतो.

---

आकडेमोड | २८ मार्च, रात्री ९.५०

सोलापुरातच असतो. मंगळवारी दुपारी सुट्टी असते. मला लहान मुलांशी बोलायची सवय नाही, पण गप्प बसून ऐकता येईल.

---

पूर्वभागची_लेक | २८ मार्च, रात्री ११.३५

काका, महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार आईकडे येते. शनिवारची शाळा सकाळची ना? शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघाले तर शाळा भरायच्या आत पोचते. कोणत्या शाळेत यायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईलाही घेऊन येते, तिला तेलुगूतल्या खूप गोष्टी येतात.